केडगावात मादी पाळलीय? मग भाद्रपदाची वाट पाहू नका

केडगावात कुत्रं पाळणाऱ्या घरांची संख्या वाढली, ती उगीच नाही. पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडले, रो-हाउसेस उठली, मधूनमधून अजून रानं आहेत. रात्री अंगणात कुणीतरी भुंकणारं हवं असतं. (दौंडजवळचं केडगाव वेगळं. मी बोलतोय ते नगरच्या रेणुकामातेच्या, महापालिकेच्या हद्दीतल्या केडगावाबद्दल.) गल्लीत कुत्री व्याली की नर पिल्लं पटापट उचलली जातात. मागे राहते ती मादी, आणि कुणाच्या तरी लेकराच्या हट्टापायी ती एखाद्या घरात येते. सात-आठ महिन्यांनी फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात, फाटकाबाहेर चार-पाच नर ठाण मांडतात आणि घरात विषय निघतो: हिचं ऑपरेशन करायचं का?

सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारी म्हणतात, एकदा पिल्लं होऊ द्या, मग करा. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, मुक्या जिवाला कापायचं कशाला. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांची झाली की आणा. आणि मोबाइलवर कुणी परदेशी प्रशिक्षक सांगत असतो, दोन वर्षांच्या आत हात लावू नका. यातला पहिला सल्ला सोडला तर बाकीच्या तिघांच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. केडगावासारख्या ठिकाणी, अंगणात वावरणाऱ्या गावठी मादीची नसबंदी करावी; पहिल्या माजाच्या आधी, नाहीतर पहिल्या आणि दुसऱ्या माजाच्या मधे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातीच्या मादीला वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबवावं, पण तेवढ्या काळात येणारा प्रत्येक माज तुम्ही खरोखर सांभाळू शकणार असाल तरच. म्हणजे जात, वजन आणि तुमचं फाटक, या तीन गोष्टी बघून ठरवायचं.

आधी तो पहिला सल्ला निकालात काढू. एकदा पिल्लं झाल्याने मादीची तब्येत सुधारते, ती शांत होते, तिला ‘आईपण मिळतं’, याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. उलट बाळंतपणात अडलेलं पिल्लू, रक्तातलं कॅल्शियम उतरून येणारे झटके, सडाला येणारी सूज हे सगळं मागे लागू शकतं. पिल्लं विकून चार पैसे मिळतील असा हिशेब असेल, तर २०१७ चे श्वान प्रजनन नियम वाचा. पिल्लं विकण्यासाठी नोंदणी लागते, दीड वर्षाच्या आतल्या मादीचा मेळ घालता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. गावठी पिल्लांना तर कुणी पैसेही देत नाही. ती वाटावी लागतात, आणि वाटून उरलेली रात्री पोत्यात घालून बायपासला किंवा कुणाच्या तरी उसात सोडली जातात. हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

पुढे त्या पिल्लांचं काय होतं? मोकाट कुत्र्यांवर कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. वयात येईपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के जगली, आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मरणाला माणूस कारणीभूत होता: गाड्या, मारहाण, विष, उचलून नेणं. म्हणून ‘एका जोडीपासून सहा वर्षांत सदुसष्ट हजार कुत्री’ असली पोस्टरं मला पटत नाहीत. ते कागदावरचं गणित आहे. खऱ्या गल्लीत पाचांतली चार पिल्लं मरतात, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत मरतात. नसबंदीसाठी मला तेवढं कारण पुरतं.

उसात सोडलेल्या पिल्लांबद्दल एक जिल्ह्यातलीच गोष्ट. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या भक्ष्यात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षाही कितीतरी जास्त. तेव्हा शेताच्या बांधावर पिल्लं सोडणारा माणूस ‘निसर्गात’ काही सोडत नसतो. बिबट्याला वस्तीच्या जवळ खायला मिळेल एवढी सोय करत असतो.

आता माजाबद्दल. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदातला, हे गावात कुणाला सांगायला नको. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, त्यामुळे पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत दिसू लागतात. घरातली मादी हा हंगाम पाळेलच असं नाही. तिचा पहिला माज साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान, मोठ्या जातींत त्याहून उशिरा, आणि पुढे दर सहा-सात महिन्यांनी येतो. पण नर मात्र भाद्रपदात जास्त पिसाळतात. बायपासवरच्या ढाब्यांवर आणि नेप्तीच्या कांदा बाजाराच्या आसपास खरकट्यावर पोसलेले नर वासावर कुठूनही येतात.

माज जवळजवळ तीन आठवडे चालतो आणि त्यात लोक हमखास एका जागी फसतात. पहिल्या आठ-नऊ दिवसांत रक्त लालभडक असतं आणि मादी नराला जवळ येऊ देत नाही. मग रक्त फिकट होतं, कमी होतं. घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं. साखळी सुटते. खरं तर मादी नराला घेते ती याच दिवसांत. लाल रंग गेला म्हणजे खरा धोका सुरू झाला, असं धरून चाला आणि आणखी दोन आठवडे तिला दोरीशिवाय फाटकाबाहेर काढू नका. गजांच्या फाटकातूनही मेळ होतो. सख्खा भाऊ किंवा बाप घरात असेल तर त्यालाही वेगळं बांधा. कुत्र्यांना नात्याचं काही नसतं. आणि एकदा जोडी अडकली की पाणी ओतून, काठी मारून ती सोडवू नका. त्यात दोघांनाही इजा होते आणि झालेला मेळ काही परत फिरत नाही.

असा अपघाती मेळ झालाच तर थेट डॉक्टरांकडे जा, पण ‘इंजेक्शन देऊन टाका’ असा आग्रह धरू नका. गर्भ राहू नये म्हणून पूर्वापार दिली जाणारी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढवतात. माज पुढे ढकलणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारख्या इंजेक्शनांचंही तेच. वर स्तनात गाठी होण्याची भर. स्वस्त आणि सोपा म्हणून हा रस्ता लोक दर सहा महिन्यांनी धरतात आणि पाच-सहा वर्षांनी त्याची किंमत मोजतात. पिल्लं नकोच असतील तर सुरुवातीच्या दिवसांत नसबंदीच करून घेता येते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

गर्भाशयात पू होतो तो आजार पायोमेट्रा. या लेखातलं एकच नाव लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. माज संपल्यावर साधारण एक ते दोन महिन्यांनी, बहुतेक वेळा वयस्क मादीत, हा उद्भवतो. ती खूप पाणी पिते, सारखी लघवी करते, खाणं सोडते, उलट्या करते. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर घाण वासाचा स्राव दिसतो आणि निदान आपसूक होतं. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पोट फुगतं आणि विष अंगात भिनतं. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांची नसबंदी सरसकट करत नाहीत आणि बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो, त्यामुळे तिथे याची पक्की नोंद आहे: नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौघींमधल्या एकीला दहा वर्षांची होण्याआधी हा आजार झाला. उपाय शेवटी तोच, गर्भाशय काढणं. फरक एवढाच की वर्षाच्या धडधाकट मादीवर सकाळी ठरवून करायचं ऑपरेशन नऊ वर्षांच्या, मूत्रपिंडं थकलेल्या मादीवर रात्री घाईत करावं लागतं. ‘मुक्या जिवाला कापायचं कशाला’ म्हणणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणावं.

स्तनाच्या गाठींचा आकडा नेहमी सांगितला जातो. नसबंदी न झालेल्या मादीच्या तुलनेत, पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका अर्धा टक्काच उरतो, एका माजानंतर ८ टक्के, दोन माजांनंतर २६. तो १९६९ च्या अमेरिकी अभ्यासातला आहे. २०१२ मध्ये तज्ज्ञांनी असे सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि पुरावा म्हणतात तितका भक्कम नाही, असं म्हटलं. मी त्यातून एवढंच घेतो की लवकर नसबंदीने धोका कमी होत असावा. टक्क्यांवर भांडू नये. आपल्याकडे त्याहून रोजचा विषय आहे तो मेळातून पसरणाऱ्या गाठींचा. मोकाट नराशी मेळ झालेल्या मादीच्या योनीत फुलकोबीसारखी लाल गाठ येते आणि तिथून रक्त ठिबकत राहतं. घरचे म्हणतात, हिचा माज संपतच नाही. आठवड्याला एक अशी इंजेक्शनं घेऊन ही गाठ बहुधा बरी होते. पण नसबंदी करून फाटकाच्या आत ठेवलेल्या मादीला ती होण्याचं कारणच उरत नाही.

आता दुसरी बाजू, आणि तीही खरी आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ३५ जातींच्या नोंदी तपासून दाखवलं की काही मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केली तर खुबा, गुडघा, कोपर या सांध्यांचे आजार वाढतात. शरीरातली संप्रेरकं हाडांची वाढ थांबवायला मदत करतात. ती लवकर गेली की हाडं थोडी जास्त लांबतात आणि सांध्याचं गणित बिघडतं. लॅब्राडोर मादीला वर्षानंतर, जर्मन शेफर्डला तर दोन वर्षांच्या आसपास, असं त्यांचं सुचवणं. गोल्डन रिट्रीव्हर माद्यांत काही कर्करोगांचाही संबंध दिसला, म्हणून तिच्याबाबत डॉक्टरांशी सविस्तर बोला. छोट्या जातींत मात्र सांध्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. मिश्र जातींच्या कुत्र्यांत हा धोका दिसला तो मोठेपणी २० किलोंच्या वर जाणाऱ्यांत. आपली गावठी मादी बहुतेक त्याखालीच राहते. म्हणून मोबाइलवरचा तो प्रशिक्षक खोटं बोलत नसतो. तो दुसऱ्या कुत्र्याबद्दल बोलत असतो. कारवान किंवा धनगराकडची दणकट मादी असेल तर ती २० किलोंच्या वर जाईल असं समजून थांबण्याचा विचार करा.

नॉर्वेत आरोग्याचं कारण असल्याशिवाय सरसकट नसबंदी करत नाहीत, हेही सांगितलं जातं. बरोबर आहे. पण तिथे फाटकाबाहेर मोकाट नर बसलेले नसतात.

वजनाची तक्रारही रास्त आहे. नसबंदीनंतर भूक वाढते आणि खर्च होणारी शक्ती घटते. खाणं साधारण पाव हिश्शाने कमी केलं नाही तर मादी सहा महिन्यांत गोल होते, आणि मग दोष ऑपरेशनला जातो. दूध-भाकरीवर वाढणाऱ्या कुत्रीची भाकरी मोजायची कुणाला सवय नसते. ती लावून घ्या. काही माद्यांची, विशेषतः मोठ्या वजनाच्यांची, पुढे झोपेत लघवी गळते. औषधाने ते बहुधा आटोक्यात येतं. राखणदारी मात्र कमी होत नाही. भुंकणं, जागा सांभाळणं हे संप्रेरकांवर फारसं अवलंबून नसतं.

करायचं ठरलं तर वेळ नीट धरा. माजावर असताना करू नये. तेव्हा गर्भाशयाकडे रक्ताचा ओघ जास्त असतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. काही माद्यांना माजानंतर दोनेक महिन्यांनी खोटी गर्भारता येते: सडात दूध येतं, चप्पल किंवा खेळणं पिल्लासारखं कवेत घेऊन बसतात. ते पूर्ण ओसरल्याशिवाय ऑपरेशन नको. दिवाळीच्या सुमारास जन्मलेलं गावठी पिल्लू एप्रिल-मेमध्ये सहा महिन्यांचं होतं, म्हणजे भाद्रपदाच्या आधी हातात पुरेसा वेळ असतो. फक्त नगरचा उन्हाळा लक्षात घेऊन सकाळची पहिली वेळ मागून घ्या. आणि ऑपरेशननंतरचे दहा-बारा दिवस नवरात्रात किंवा दिवाळीत येणार नाहीत असं बघा. केडगावच्या देवीला यात्रेची गर्दी, लाउडस्पीकर, नंतर फटाके. घाबरलेली मादी उड्या मारते आणि टाके तुटतात.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. भूल गॅसची की इंजेक्शनची? भूल असताना श्वास आणि ठोके कोण बघणार? वेदनाशामक किती दिवसांचं? चीर पोटाच्या मधोमध की बरगडीमागून कुशीत? पण सगळ्यांत आधी रक्ततपासणीचं विचारा, त्यातही प्लेटलेटचं. आपल्याकडे गोचीड अंगावर नसलेलं कुत्रं शोधावं लागतं आणि गोचीड तापात प्लेटलेट उतरतात. मादी वरून ठणठणीत दिसते, शेपूट हलवते, आणि टेबलावर रक्त थांबत नाही. अशी मादी आधी औषधाने बरी करून मग ऑपरेशनला घेतात. तपासणीचे पैसे वाचवणं हा यातला सगळ्यांत वाईट व्यवहार. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खर्च कमी येतो, खासगीत सोयी जास्त मिळू शकतात; दोन्हीकडे प्रश्न हेच विचारा.

आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नका. पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील. घरी आणताना अ‍ॅक्टिव्हाच्या फूटबोर्डवर उभं करून आणू नका, रिक्षा करा. गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर हवीच, मादी कितीही केविलवाणी दिसली तरी. जखम चाटून टाके उकलणाऱ्या माद्या याच दयेच्या बळी असतात. जखमेवर हळद-तेल नको. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन नकोच नको, कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, रात्रीपर्यंत नीट शुद्ध आली नाही, जखमेतून रक्त ठिबकत राहिलं, तर सकाळची वाट पाहू नका.

घरातली नव्हे, गल्लीतली कुत्री तुमच्या भाकरीवर जगत असेल तर तिच्याबद्दलही थोडं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, म्हणजे केडगावात महापालिकेची. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं, ते पिसाळलेलं किंवा आक्रमक नसेल तर, उचललं त्याच भागात परत सोडायचं आहे आणि खाऊ घालायच्या जागाही ठरवून द्यायच्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारापुरता नियम कडक झाला. तिथून उचललेली कुत्री परत सोडायची नाहीत. तेव्हा लेखी अर्ज द्या, गल्लीतल्या दोघाचौघांच्या सह्या घ्या, आणि कुत्री नेताना व आणताना कुणीतरी हजर राहा. अंगावर पिणारी पिल्लं असतील तर ती सुटेपर्यंत थांबायला सांगा. कानाला व्ही आकाराची खाच दिसली तर तिचं झालेलं आहे, पुन्हा पकडून देऊ नका.

आणि सगळं ऐकून तुम्ही ‘सध्या नको’ असं ठरवलं, तर तोही निर्णयच आहे, पण मग तो पाळावा लागतो. माज सुरू झाल्याचा दिवस कालनिर्णयवर लिहा, गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहिता तसा. तीन आठवड्यांवर खूण करा, तोवर साखळी सोडायची नाही. महिन्यातून एकदा तिला कुशीवर झोपवून काखेपासून मांडीपर्यंत सगळे सड बोटांनी चाचपा. हरभऱ्याएवढी गाठ लागली तरी दाखवून या. माज संपल्यापासून पुढच्या दोन महिन्यांत पाण्याचं भांडं नेहमीपेक्षा लवकर रिकामं व्हायला लागलं आणि जेवण उरायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सोनोग्राफी होते का ते विचारा.